मुलाखतीच्या खोलीत काय मोजले जाते?



ही व्याख्यानमाला एका शिक्षकाच्या स्मरणार्थ चालते, म्हणून मी विषयही शिक्षण संपते त्या उंबरठ्यावरचा घेतला आहे. हातात प्रमाणपत्र आलेले आहे, अर्ज गेलेला आहे, बोलावणे आलेले आहे, आणि आता तीन अनोळखी माणसांसमोर दहा-पंधरा मिनिटे बसायचे आहे. या दहा-पंधरा मिनिटांविषयी आपल्याकडे जे सांगितले जाते ते जवळजवळ सगळे उमेदवाराला उद्देशून असते. कपडे नीटनेटके असावेत, पाठ ताठ ठेवावी, समोरच्याच्या डोळ्यांत पाहून बोलावे, आवाज कापू देऊ नये. हा सल्ला खोटा नाही आणि तो पाळल्याने नुकसान होत नाही. पण त्यात एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की चांगली छाप पाडणे हा माणसाचा अंगभूत गुण आहे आणि ज्याची छाप पडत नाही त्याच्यात काहीतरी कमी आहे. मला आज या गृहीतकाविरुद्ध बोलायचे आहे. छाप शिकवता येते, याचा सज्जड पुरावा याच शहरात गेली जवळजवळ पाच दशके उभा आहे. आणि जी गोष्ट शिकवता येते, ती ज्याला कुणी शिकवली नाही त्याच्या नावावर उणीव म्हणून मांडता येत नाही.

आधी छाप पडते कशी ते पाहू. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2006 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी चेहऱ्यांची छायाचित्रे सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ दाखवली आणि हा माणूस विश्वासू वाटतो का, कर्तबगार वाटतो का, असे विचारले. एवढ्या वेळात बनलेले मत आणि हवा तेवढा वेळ चेहरा पाहून बनवलेले मत यांत मोठे अंतर नव्हते. जास्त वेळ मिळाल्यावर मुख्यतः एकच गोष्ट वाढत होती, ती म्हणजे स्वतःच्या मतावरची खात्री. मुलाखत घेणाऱ्यांनी हा निष्कर्ष मनावर घ्यावा असा आहे. उमेदवार दारातून आत आला तेव्हा बनलेले मत पुढच्या पंधरा मिनिटांत तपासले जाईलच असे नाही, बहुतेक वेळा ते फक्त घट्ट होत जाते. त्याच्याही खूप आधी, 1920 साली, मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी लष्करी अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले शेरे तपासले होते. शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि चारित्र्य या चार वेगळ्या गोष्टींचे गुण एकमेकांशी इतके जुळत होते की ते स्वतंत्रपणे दिलेले असणे शक्य नव्हते. माणूस एका बाबतीत आवडला की सगळ्या बाबतींत आवडतो. रुबाबदार दिसणारा माणूस प्रामाणिकही असेल, असे आपण नकळत धरून चालतो.

आता हे पहिले मत कशाने भरते? चेहऱ्याने, कपड्याने, भाषेने, आडनावाने, गावाने. आपल्याकडे कारखान्याच्या फाटकापासून महाविद्यालयाच्या निवड समितीपर्यंत विचारला जाणारा एक प्रश्न आहे, वडील काय करतात? प्रश्न आपुलकीचा वाटतो, आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुतेकदा काही वाईट नसतेही. पण सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नाकडे फार पूर्वी बोट दाखवले आहे. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या प्रवेशांविषयीचा अजय हासिया खटला 1980 च्या नोव्हेंबरमध्ये निकाली निघाला. तिथे लेखी परीक्षेला 100 गुण होते आणि मुलाखतीला 50, म्हणजे एकूण गुणांचा तिसरा हिस्सा मुलाखतीच्या हातात होता. तक्रार अशी होती की प्रत्येक उमेदवाराला जेमतेम दोन-तीन मिनिटे मिळाली आणि त्यातही आईवडील कोण, राहता कुठे, असलेच विचारले गेले. न्यायमूर्ती भगवती यांनी मुलाखत ही पद्धत बाद केली नाही, मात्र तिला 15 टक्क्यांहून जास्त वजन देणे मनमानी ठरेल असे स्पष्ट केले आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशीही सूचना केली. पुढे 1985 च्या अशोक कुमार यादव खटल्यात, हरियाणाच्या लोकसेवा आयोगासंदर्भात, न्यायालयाने ही मर्यादा सर्वसाधारण उमेदवारांसाठी 12.2 टक्क्यांवर आणली, कारण तेव्हा केंद्रीय लोकसेवा आयोगाचे प्रमाण तेवढे होते. आजही त्या आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत 2025 पैकी 275 गुणच व्यक्तिमत्त्व चाचणीला आहेत. देशातल्या सर्वांत मोठ्या पदांसाठी छापेला एवढेच वजन, आणि एखाद्या कंपनीत प्रशिक्षणार्थी घेताना मात्र शंभर टक्के, हे कोणत्या तर्कात बसते?

खाजगी क्षेत्रात काय चालते, यावर 2007 साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त दोन अभ्यास आले. पहिला सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा. थोरात सर आपल्याच मिलिंद महाविद्यालयाचे विद्यार्थी, नंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवायचे, फरक फक्त नावाचा ठेवायचा, अशी ती पद्धत होती. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या उमेदवाराला पुढे बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे दोन-तृतीयांश निघाले आणि मुस्लीम नावाच्या उमेदवाराचे सुमारे एक-तृतीयांश. लक्षात घ्या, इथे अजून कुणी खोलीत आलेलेच नाही. पाठ ताठ ठेवण्याचा, हसतमुख राहण्याचा प्रश्नच आलेला नाही. दुसरा अभ्यास सुरिंदर जोधका आणि कॅथरिन न्यूमन यांचा. त्यांनी दिल्ली परिसरातल्या मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांशी बोलून निवड कशी करता ते विचारले. सगळे गुणवत्तेची बाजू मोठ्या निष्ठेने मांडत होते आणि त्याच वेळी उमेदवाराचे घराणे कसे आहे हे विचारणे त्यांना अगदी स्वाभाविक वाटत होते. चांगल्या घरातला मुलगा चांगले काम करील, हा त्यांचा प्रामाणिक समज होता. हा प्रामाणिकपणाच मला अधिक गंभीर वाटतो. जाणूनबुजून केलेला अन्याय निदान सापडू शकतो, पण मनापासून ‘मी फक्त गुण पाहतो’ म्हणणाऱ्याला आपण घर पाहत आहोत हे दिसतच नाही.

इथे आपल्या शहरातल्या त्या पुराव्याकडे येतो. 1977 साली महाराष्ट्र शासनाने इथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था सुरू केली, जिला सगळे एसपीआय म्हणून ओळखतात. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला, आणि तिथे अधिकारी होण्यासाठी पोहोचणाऱ्या मराठी मुलांची संख्या मात्र तुटपुंजी, या खंतेतून ती उभी राहिली. दहावी झालेल्या मुलांना निवडायचे, अकरावी-बारावीची दोन वर्षे वसतिगृहात ठेवायचे, लेखी परीक्षेबरोबर इंग्रजी संभाषण, गटचर्चा, मैदानावरची कामे, आपले म्हणणे चारचौघांत मांडणे, याची तयारी करून घ्यायची. खर्च शासनाचा. सर्वोच्च न्यायालयाच्या 2021 च्या आदेशानंतर प्रबोधिनीचे दार मुलींना उघडले आणि 2023 मध्ये नाशिकला मुलींसाठीही अशी संस्था सुरू झाली. शेतकऱ्याचा, शिक्षकाचा, एसटी कर्मचाऱ्याचा मुलगा दोन वर्षांत अशा रीतीने उभा राहतो, बोलतो, वागतो, की सेनाधिकाऱ्यांच्या मंडळाला त्याच्यात अधिकारी दिसतो. मुलगा तोच, घर तेच, आडनावही तेच. या दोन वर्षांत त्याचा स्वभाव बदललेला नसतो. त्याला ती संधी मिळालेली असते जी इतर काही मुलांना जेवणाच्या टेबलावर आणि इंग्रजी शाळेच्या वर्गात आपोआप मिळते.

पण एसपीआयची मुले ज्या परीक्षेला सामोरी जातात ती परीक्षाही समजून घेतली पाहिजे, कारण माझ्या म्हणण्याचा दुसरा भाग तिच्यात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला ब्रिटिश सैन्यात अधिकारी निवडण्याची पद्धत म्हणजे थोडक्या वेळाची मुलाखत होती, आणि तिच्यात उमेदवाराची शाळा व कुटुंब यांना मोठे महत्त्व होते. असे निवडलेले बरेच जण प्रशिक्षणात नापास होऊ लागले, आणि निवडले न गेलेल्यांत नाराजी वाढली. युद्ध चालू असताना चुकीचा माणूस निवडण्याची किंमत फार मोठी असते. म्हणून 1942 मध्ये तिथे नव्या निवड मंडळांची रचना झाली, विल्फ्रेड बायन यांच्यासारख्या मनोविकारतज्ज्ञांनी नेता न नेमता गटाला एक काम सोपवून कोण कसे वागते हे पाहण्याची पद्धत आणली, आणि 1943 मध्ये ही रीत भारतात आली. आजची सेवा निवड मंडळे, म्हणजे एसएसबी, तिचीच वारस आहेत. निवड पाच दिवस चालते. मानसशास्त्रज्ञ उमेदवाराचे लेखन पाहतो, एक अधिकारी मैदानावर दोर, फळ्या आणि पिंपे देऊन गटाचे काम पाहतो, तिसरा मुलाखत घेतो. तिघेही आपापले मत स्वतंत्रपणे नोंदवतात आणि शेवटच्या दिवशीच एकत्र बसतात. तिकडे या तिघांना मनसा, वाचा, कर्मणा असे म्हणतात. मुलाखत म्हणजे त्यातली फक्त वाचा. आपल्या शहरातल्या लष्करी छावणीतला जवळजवळ प्रत्येक अधिकारी अशा चाळणीतून आलेला आहे, आणि त्या चाळणीचा जन्म मुळात निव्वळ छापेवर केलेल्या निवडीच्या अपयशातून झालेला आहे.

प्रत्येक मालक पाच दिवस देऊ शकत नाही, हे उघड आहे. तसे करण्याची गरजही नाही. डॅनिएल काहनेमान, ज्यांना पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले, ते विशी नुकतीच ओलांडलेले असताना इस्रायलच्या सैन्यात होते. तिथे नव्या जवानांच्या मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखती होत आणि त्यांतून बांधलेला अंदाज पुढच्या कामगिरीशी जुळत नसे. काहनेमान यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येक गुणाबद्दल उमेदवाराच्या प्रत्यक्ष आयुष्यातल्या घटनांचे ठरावीक प्रश्न लिहिले आणि एका गुणाचे गुणांकन झाल्याशिवाय पुढच्याकडे जायचे नाही असा नियम केला. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करून टाकता म्हणाले. तेव्हा काहनेमान यांनी तडजोड म्हणून सांगितले की सगळे गुण देऊन झाल्यावर डोळे मिटून स्वतःचा एकूण अंदाजही एका आकड्यात लिहा. निकाल आले तेव्हा नव्या पद्धतीचा अंदाज आधीच्या मुलाखतींपेक्षा बराच सरस होता, आणि तो शेवटचा डोळे मिटून दिलेला आकडाही तितकाच चांगला निघाला. म्हणजे अनुभवी माणसाचा अंदाज टाकाऊ नाही. त्याची वेळ चुकते. तो पुरावा पाहण्याआधी केला तर पूर्वग्रह होतो, नंतर केला तर उपयोगी पडतो. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी 2022 साली अनेक दशकांच्या अभ्यासांची फेरतपासणी केली, तीत ठरावीक प्रश्नांच्या मुलाखतीचा पुढच्या कामगिरीशी असलेला संबंध 0.42 आला आणि मोकळ्या गप्पांच्या मुलाखतीचा 0.19. पूर्ण जुळणी म्हणजे 1. यातला 0.42 सुद्धा काही भविष्यवाणी नाही, पण प्रश्न ठरवून घेण्याला खर्च कागदाचा आणि एका तासाचा आहे, आणि अंदाज दुपटीहून अधिक सुधारतो.

यावर काही आक्षेप येतात आणि ते हलके नाहीत. पहिला असा की लेखी गुण किंवा ठरावीक प्रश्न माणसाची पारख करू शकत नाहीत, धीर, समज, सचोटी समोरासमोरच दिसते. 1981 च्या लीला धर खटल्यात न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी असाच विचार मांडला होता: महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्याचे व्यक्तिमत्त्व अजून घडत असते, पण परिपक्व माणसांतून न्यायिक पदांसाठी निवड करायची असेल तर मुलाखतीला अधिक वजन देणे गैर नाही, आणि तिथे 25 टक्के गुण त्यांनी मान्य केले. मला हा भेद पटतो. पण त्याचा अर्थ नीट लावला तर तो आपल्या रोजच्या व्यवहाराच्या उलट जातो. बावीस वर्षांच्या नवख्या मुलाचे व्यक्तिमत्त्वही घडतच असते. त्याच्या बाबतीत दहा मिनिटांच्या छापेवर जितका कमी भरवसा ठेवावा तितका बरा. आणि सचोटी समोरासमोर दिसते हे तर मला मुळीच मान्य नाही. सचोटीचा आव समोरासमोर दिसतो.

दुसरा आक्षेप असा की बोलणे हीच कामाची पात्रता आहे. विक्रीला, हॉटेलच्या स्वागतकक्षाला, अजिंठा-वेरूळच्या पर्यटकांना वाट दाखवणाऱ्याला बोलता आलेच पाहिजे. अगदी बरोबर, तिथे बोलणे जरूर तपासावे. पण वाळूज किंवा शेंद्र्याच्या कारखान्यात सीएनसी यंत्रावर उभा राहणारा आयटीआयचा मुलगा ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ला अडखळला, तर यंत्राला त्याने काय फरक पडतो? ड्रॉईंग वाचता येते का, मायक्रोमीटर हातात नीट धरतो का, जॉब बिघडला तर लपवतो की सुपरवायझरला सांगतो, हे तपासायला इंग्रजी लागत नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुलाखतीत उमेदवाराला मराठीतून बोलण्याची मुभा आहे. जिल्हाधिकारी होऊ पाहणाऱ्याला जी सवलत आहे ती फिटरला नसावी, याचे समर्थन कुणी करू शकेल असे मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप शिकवण्यावरच आहे. सगळ्यांना मुलाखतीचे धडे दिले तर सगळे एकाच साच्यातले पाठ केलेले बोलतील आणि खरा माणूस दिसणारच नाही. हे आज घडते आहे, मी नाकारत नाही. ‘माझा दुर्गुण म्हणजे मी फार कष्ट करतो’ हे उत्तर ऐकून मुलाखत घेणारे कंटाळलेले आहेत. पण पाठ केलेले उत्तर पाठ केलेल्याच प्रश्नाला बसते. ‘मागच्या वर्षभरात तुझ्या हातून बिघडलेले एक काम सांग, बिघाड कसा लक्षात आला आणि नंतर काय केलेस’, या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही क्लासमध्ये विकत मिळत नाही. शिवाय धडे आधीपासूनच दिले जात आहेत, फक्त ते पैसेवाल्यांच्या घरात दिले जातात. सार्वजनिक खर्चाने दिले की तो साचा, आणि घरात मिळाले की ते संस्कार, असा भेद करणे मला न्याय्य वाटत नाही. आणखी एक मार्ग सरकारने काढला: 1 जानेवारी 2016 पासून केंद्राच्या गट क आणि अराजपत्रित गट ब पदांच्या मुलाखती बंद झाल्या. वशिल्याचे एक दार त्यामुळे बंद झाले, याचे मी स्वागत करतो. पण खाजगी मालक मुलाखत सोडणार नाही, आणि आपल्या मुलांच्या बहुतेक नोकऱ्या तिकडेच आहेत.

मग उमेदवाराने तोवर काय करावे? कपडे, बसणे, नमस्कार, दोन वाक्यांत स्वतःची ओळख, हे शिकून घ्यावे, अर्ज भरायला शिकतो तसे. त्यात कमीपणा नाही आणि त्यात स्वतःला हरवण्यासारखेही काही नाही. पण खरी तयारी आपल्या कामाची करावी. खोलीत जाण्याआधी स्वतः केलेली तीन-चार कामे तपशिलासह आठवून ठेवावीत: कोणते यंत्र होते, किती माप होते, अडचण काय आली, कुणाला विचारले, शेवटी काय झाले. शेतीतले, घरच्या दुकानातले, बचत गटाच्या हिशेबातले काम असेल तर तेही काम आहे, ते लपवू नये. ठिबकची लाइन एकट्याने दुरुस्त करणारी मुलगी ‘मला अनुभव नाही’ म्हणून बाहेर पडते, तेव्हा तिचे आणि कंपनीचे, दोघांचेही नुकसान होते. मुलाखत घेणाऱ्याने घरची चौकशी केली तर थोडक्यात उत्तर देऊन बोलणे आपल्या कामाकडे वळवता येते, आणि याचा सराव करता येतो. जे येत नाही ते येत नाही असे सांगून, त्याच्यासारखे दुसरे काय शिकलो आणि किती दिवसांत शिकलो, हे सांगावे. बोलताना तपशील असला की आवाज आपोआप स्थिर होतो, कारण स्वतःच्या हातांनी केलेले आठवून सांगायला पाठांतर लागत नाही.

उरते मालकांची बाजू. मोठ्या कंपन्यांना स्वतःचे मनुष्यबळ खाते आहे. खरा प्रश्न वाळूज, चिकलठाणा आणि रेल्वे स्टेशन औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या उद्योजकाचा आहे, जो सकाळी पाळी सुरू करून देतो, दुपारी बँकेत जातो आणि मध्येच चार मुलांना पाहून एकाला ठेवून घेतो. त्याला मानसशास्त्र शिकवत बसण्यात अर्थ नाही. पण आपल्याकडे ‘मसिआ’ आणि ‘सीएमआयए’ या उद्योजकांच्या संघटना आहेत, इंडो-जर्मन टूल रूमसारखी संस्था आहे, आयटीआय आहेत. फिटर, टर्नर, वेल्डर, वीजतंत्री, पॅकिंग आणि गुणवत्ता तपासणी, अशा दहा-बारा कामांसाठी प्रत्येकी एक पान पुरे आहे: मराठीत लिहिलेले सहा प्रश्न, वीस मिनिटांची हातची चाचणी, प्रत्येकासमोर पाचपैकी गुणांचा रकाना, आणि सगळ्यात खाली, बाकीचे रकाने भरल्यावरच भरायचा, मालकाच्या स्वतःच्या अंदाजाचा रकाना. वडिलांचा व्यवसाय आणि जात विचारणारी जागा त्या पानावर नसेल. हे पान आयटीआयच्या फलकावर आधीच लावावे, म्हणजे कोणत्या मुलाने कशाची तयारी करायची हे त्याला वर्ष सुरू होतानाच कळेल. आणि पडेगावच्या समाजमंदिरात निवृत्त सुपरवायझर, छावणीतले माजी सैनिक आणि शाळेतले शिक्षक यांनी महिन्यातून एक रविवार दिला, तर त्याच पानावर इथल्या मुलामुलींच्या सरावाच्या मुलाखती घेता येतील. पहिल्या रविवारी कोणकोणत्या कामांची पाने हवीत, याची यादी आजच सभेनंतर करता येईल.